वाचून दाखवायचं, की शेजारी बसून आपापलं वाचायचं?

मूल झालं की आईबापांचं स्वतःचं वाचन पहिली काही वर्षं जवळपास बंद पडतं. मूल चारेक वर्षांचं झालं की पुस्तकांची खरेदी पुन्हा सुरू होते, पण ती सगळी त्याच्यासाठी. रात्री जेवणं आटोपल्यावर हातात कसाबसा अर्धा तास उरतो. तो मुलाला वाचून दाखवण्यात घालवायचा, की त्याच्या हातात त्याचं पुस्तक देऊन आपण आपलं उघडायचं? तिसरा पर्याय फोनवरच्या गोष्टींचा. दिवसभर हिंजवडीत खपून, भूमकर चौकात अडकून घरी आलेल्या माणसाला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

आमच्याकडे मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा, त्यामुळे तिन्ही प्रकार एकाच घरात चालतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. सहा-सात वर्षांखालचं मूल असेल तर फार तोलत बसू नका, वाचून दाखवा. खरा पेच मूल स्वतः वाचायला लागल्यावर येतो, कारण बहुतेक घरांत वाचून दाखवणं नेमकं तेव्हाच थांबतं. माझ्या मते ते तेव्हा थांबता कामा नये, निदान मराठीत तरी.

लहान मुलं

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की मुलांना जन्मापासूनच मोठ्यानं वाचून दाखवा, असं पालकांना सांगत जा. तान्ह्या बाळाला काय कळणार, असं आपल्याला वाटतं. आजी पाळण्याशी बसून ओव्या म्हणते तेव्हा मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही.

नुसतं घडाघडा वाचून जाण्याचा उपयोग मात्र कमी. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८ सालचा एक प्रयोग आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत विभागले. घरी चित्रांची पुस्तकं दोन्ही गट वाचत होते, पण एका गटाला जरा वेगळं शिकवलं होतं: मध्येच थांबा, ‘हे काय?’, ‘हा काय करतोय?’ असं विचारा, आणि मूल जे म्हणेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. महिनाभरानंतर या मुलांची बोलण्याची भाषा दुसऱ्या गटातल्या मुलांपेक्षा कित्येक महिन्यांनी पुढे गेलेली दिसली.

प्रत्यक्षात हे फार साधं असतं. चित्रात म्हैस बसलीय. ‘म्हैस कुठे बसलीय?’ ‘पाण्यात.’ ‘हो, चिखलाच्या पाण्यात, पार मानेपर्यंत.’ एवढं झालं की पान उलटायचं. दर ओळीला प्रश्न विचारत सुटलात तर त्याची शाळा होते. आमचा मुलगा अशा वेळी पुस्तकावर हात ठेवून ‘आता तू फक्त वाच’ असं बजावतो, आणि त्याचं बरोबर असतं.

या वयात आपापलं वाचायला बसवणं म्हणजे मुलानं पाच मिनिटं पानं उलटायची, आणि सहाव्या मिनिटाला आपल्या पुस्तकावर येऊन बसायचं. वाईट काही नाही त्यात. पण त्याला वाचनाचा वेळ म्हणून हिशेबात धरू नका.

मूल वाचायला लागल्यावर

तुलना करायची ती इथे. ‘आता येतं ना तुला वाचता, मग तूच वाच,’ हे वाक्य दुसरी-तिसरीतल्या जवळपास प्रत्येक मुलानं ऐकलेलं असतं. त्यामागचा विचारही चुकीचा नाही, कारण सराव त्याचा त्यालाच करायला हवा. पण मुलाला ऐकून जे कळतं, ते त्याला वाचून कळतं त्याच्यापेक्षा बरंच पुढचं असतं. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांत तर ही दरी मराठीतच सगळ्यात रुंद असते.

आमचीच मुलगी घ्या. इंग्रजी पुस्तक सोफ्यावर आडवी पडून एका बैठकीत संपवते. मराठी समोर आलं की बोट ठेवून अक्षर अक्षर चालतं. ‘सूर्य’ला अडते, कारण वरचा रफार आधी म्हणायचा की नंतर, ते ठरत नाही. मग ‘सूयर... सूय्र...’ ‘स्पष्ट’मधला ष्ट दिसला की माझ्याकडे बघते. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते, म्हणजे वाचन झालं तरी गोष्ट हाती लागलेलीच नसते. तेच पान मी वाचलं तर तिला सगळं कळतं, त्यातल्या टोमण्यांसकट.

त्यामुळे अशा मुलांची पंचाईत होते. त्यांच्या वयाचं मराठी पुस्तक डोळ्यांना जड जातं, आणि डोळ्यांना झेपेल असं पुस्तक त्यांना बाळबोध वाटतं. आठ वर्षांच्या मुलीला चिऊ-काऊची गोष्ट नको असते. तिला रहस्य हवं असतं, भांडण हवं असतं, कुणीतरी घरातून पळून जायला हवं असतं. हे तिला मराठीत मिळायचा एकच रस्ता उरतो: दुसऱ्या कुणीतरी वाचायचं आणि तिनं ऐकायचं.

शब्दांचंही तसंच. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरन्स यांनी १९८८ सालीच इंग्रजीत एक मोजदाद केली होती. कमी वापरातले शब्द मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ निघाले. शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत मात्र सुमारे १७च. मराठीतले आकडे वेगळे येतील, पण आपल्याच स्वयंपाकघरातलं सकाळचं बोलणं ऐकून बघा: ‘डबा घेतलास का’, ‘बस आली’, ‘चार्जर कुठंय’. ‘वळचण’, ‘झुंजूमुंजू’, ‘हिरमुसणं’ यात कुठून येणार? मुलांना हे शब्द घरच्या बोलण्यातून मिळण्याचे दिवस आजी-आजोबांबरोबर गावी राहिले.

वाचून दाखवायला निवडायचं ते मुलाला स्वतःला झेपतं त्याच्या वरच्या पायरीचं. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ याला चांगला. फुरसुंगीचा हडकुळा मुलगा पुण्याच्या शाळेत येतो आणि नको तिथे नाक खुपसतो, एवढंच सांगितलं तरी पुण्यातली मुलं कान टवकारतात. फुरसुंगी म्हणजे त्यांच्यासाठी हडपसरच्या पुढची, ओळखीतलं कुणीतरी फ्लॅट घेऊन राहतं ती जागा. सायकलींचं पुणं त्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे मध्येच थांबून सांगायला बापाला भरपूर वाव. जुन्या वळणाची काही वाक्यं वाचता वाचता मोडून घ्यावी लागतात. मी बिनदिक्कत मोडतो.

वाचून दाखवण्याच्या उण्या बाजूही आहेत. घसा लागतो, रोजचा वेळ लागतो, आणि कंटाळवाणं पुस्तक निवडलं तर आपलाच आवाज पेंगायला लागतो. मुलाच्या डोळ्यांना त्यातून सराव काहीच मिळत नाही. यावर ‘एक पान तू, एक पान मी’ असा तोडगा बरेच जण काढतात. मला तो फारसा आवडत नाही. मुलाच्या पानावर गोष्ट रांगते आणि दोघंही पान संपायची वाट बघतात. त्यापेक्षा एका पात्राचे संवाद मुलाला द्या, बाकी सगळं आपण वाचा. संवाद छोटे असतात, बोलीतले असतात, जोडाक्षरं त्यात कमी असतात. शिवाय आपली पाळी कधी येते हे बघायला मुलाची नजर आपोआप ओळीवरून आपल्याबरोबर चालत राहते.

मूल मराठी माध्यमात असेल तर चित्र बदलतं. तिसरी-चौथीपर्यंत ते मराठी सहज वाचायला लागतं. तिथे आपापलं वाचण्याचा भाग खुशाल वाढवा. इंग्रजी वाचून दाखवायला घेतलंत तर मध्ये मध्ये मराठीत सांगत चला. आपले उच्चार साहेबासारखे नाहीत म्हणून अडू नका.

शेजारी बसून आपापलं

आईबाप वाचताना दिसले की मुलं वाचतात, असं सगळेच सांगतात. पण त्यात एक अट असते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मुलाला ते ‘वाचन’ म्हणून दिसायला हवं. मी फोनवर अग्रलेख वाचतोय की सोसायटीच्या ग्रुपवरची टँकरची भांडणं, हे मुलीला कळायला काही मार्ग नाही. तिला दोन्ही वेळा एवढंच दिसतं की बाबा फोनमध्ये आहे. किंडल थोडं बरं, पण त्यालाही मुखपृष्ठ दिसत नाही, जाडी दिसत नाही. बाबा कालपासून कुठवर पोचला, हे समजत नाही. मी फोनवर भरपूर वाचतो आणि वाचत राहीनही, पण मुलांसमोरच्या अर्ध्या तासात कागदाचं पुस्तकच हातात धरतो.

त्याचा फायदा कुठून येईल ते सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धावरचं एक जाडजूड पुस्तक मी वाचत होतो. मुलगी खांद्यावरून डोकावली, दोन-तीन पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, ‘बाबा, यात एकही चित्र नाही. मग कोण बोलतंय ते तुला कळतं कसं?’ मी तिला अवतरणचिन्हं दाखवली, ‘तो म्हणाला’ कुठे आहे ते दाखवलं. तिनं पूर्ण पानभर बोट फिरवून कोण कोण बोलतंय ते मोजलं. युद्धाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. मी मुद्दाम शिकवायला बसलो असतो तर हे सुचलं नसतं.

या पद्धतीचं मोठं बलस्थान म्हणजे मुलाची निवड. तेच विनोदी चित्रकथेचं पुस्तक पुन्हा पुन्हा, किंवा एकाच मालिकेतले सगळे भाग, किंवा डायनासोरची नावं. यात आपण नाक खुपसायचं नाही. ‘जरा चांगलं काही वाच की’ म्हणायचं तर आधी स्वतःच्या उशाशी काय पडलंय ते बघावं. आणि आपलंही वाचन परत सुरू होतं. मूल झाल्यापासून अर्धवट राहिलेली पुस्तकं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पण एक धोका आहे. ‘चला, आता आपापलं वाचूया’ याचा अर्थ कधी कधी ‘आता मला सोड’ असा असतो, आणि मुलांना तो बरोबर कळतो. मूल मध्ये येऊन काही दाखवत असेल आणि तुम्ही बोट खुणेला ठेवून वैतागून वर बघत असाल, तर त्या दिवशी हा प्रकार करू नका. दहा मिनिटं वाचून दाखवा आणि दिवा घालवा.

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की मला ही बाजू जड वाटते. तेव्हा मोठ्यानं वाचणं मुलांनाच नकोसं व्हायला लागतं. मग उलट करायचं, म्हणजे मुलाचं पुस्तक आपण वाचायचं. त्याच्या मालिकेचा पहिला भाग मागून घ्या, खरंच वाचा, आणि जेवताना त्यातल्या खलनायकाबद्दल वाद घाला. वाचल्याचं नुसतं सोंग केलंत तर दुसऱ्या वाक्यात पकडले जाल.

फोन आणि ऐकायच्या गोष्टी

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ३७ पालक आणि त्यांच्या लहानग्यांना छापील पुस्तक, टॅबलेटवरचं साधं पुस्तक आणि आवाज-हालचाल असलेलं पुस्तक अशा तिन्ही प्रकारे वाचताना पाहिलं. छापील पुस्तकावर पालक आणि मूल जास्त बोलले. टॅबलेटवर बराचसा वेळ ‘तिथे दाबू नको’ यातच जातो, हे घरी करून पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत ठेवा आणि बैठ्या वेळात वाचन, गोष्टी सांगणं वाढवा.

पण फोनला सरसकट बाद करणंही बरोबर नाही. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या चार पातळ्यांमध्ये लावलेल्या असतात, आणि हव्या तर उतरवून छापता येतात. कार्यालयातल्या छपाईयंत्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ सालचं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या लहानपणीचा एखादा अंक मुलांसोबत उघडायचा आणि त्यातली जुनी चित्रं बघत बसायचं, यात पडद्याबद्दल अपराधी वाटण्यासारखं काही नाही. ऐकायच्या गोष्टी मला प्रवासासाठी आवडतात. खंबाटकीच्या घाटात गाडी रेंगाळली की मागच्या सीटवरचं भांडण त्यानं थांबतं. रोजच्या रात्रीसाठी मात्र नाही, कारण त्या आवाजाला ‘थांब, म्हणजे काय?’ असं विचारता येत नाही.

पुस्तकं आणायची कुठून

इथेही निवड करावी लागते, आणि तिचा परिणाम वरच्या सगळ्यावर होतो. वाचून दाखवायला चित्रपुस्तकं ढिगानं लागतात, कारण एक पुस्तक दहा मिनिटांत संपतं. सगळी विकत घ्यायची म्हटलं तर खिशाला परवडत नाही, आणि घरात जागा तरी कुठे आहे?

पुण्याला ग्रंथालयांची कमी नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. शिवाय पेठांत आणि उपनगरांत लहानमोठी वाचनालयं आहेत. अनामत आणि वर्गणी यांच्या मानानं मिळणारी पुस्तकं पाहिली तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. नाव घालण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा: मुलाला कपाटापर्यंत जाऊ देतात का? काही जुन्या वाचनालयांत अजून खिडकीशी उभं राहून नाव सांगायचं आणि आतून पुस्तक यायचं, असा रिवाज आहे. मोठ्यांना चालतं ते. मुलाला मात्र स्वतः फडताळासमोर बसून दहा पुस्तकं काढायची असतात आणि त्यातली नऊ चुकीच्या जागी ठेवायची असतात. तेवढी मुभा असलेलं, घरापासून चालत जाण्यासारखं साधं वाचनालय लांबच्या नामांकित ग्रंथालयापेक्षा कामाला येतं.

विकत घ्यायचं तर अप्पा बळवंत चौक आहेच, पण जून महिन्यात मुलांना घेऊन तिकडे फिरकू नका. वह्या-पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. एरवी गेलात तर प्रकाशनाच्या नावानं विचारा. ‘लहान मुलांची पुस्तकं दाखवा’ म्हटलं की समोर रंगवायच्या वह्या आणि अकबर-बिरबल येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं किंवा नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं असं नेमकं मागितलं तर बरोबर गठ्ठा बाहेर येतो. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं नावानंच मागावीत. त्यांना २०१४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे, पण माझं कारण वेगळं आहे: त्यांच्या पुस्तकांतली घरं आपल्यासारखी असतात आणि माणसं आपल्यासारखी बोलतात. वाचून दाखवताना एक वाक्यही मोडून घ्यावं लागत नाही. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरायला लागला आहे. तिथे गर्दी असते, पण बघायला मिळतं पुष्कळ.

माझा हिशेब असा: आधी वाचनालयातून आणायचं, आणि परत करायच्या दिवशी मुलानं पुस्तक सोडलं नाही तर तेच विकत घ्यायचं. मोठ्यांनी वाचून दाखवायची लांबलचक पुस्तकं मात्र सरळ विकतच घ्यावीत, कारण ती पुरवून पुरवून वाचायची असतात.

तुमच्या घरी काय

दोघंही उशिरा घरी येत असाल आणि मूल सहाच्या आतलं असेल, तर रात्रीची पंधरा मिनिटं वाचून दाखवायला राखा आणि स्वतःचं वाचन रविवारवर ढकला. आजी-आजोबा घरात असतील तर संध्याकाळचं चित्रपुस्तक त्यांच्याकडे द्या. त्यांच्याकडे वेळ असतो आणि शब्द तर आपल्याहून जास्त. इंग्रजी माध्यमातलं सात ते दहा वर्षांचं मूल असेल तर मराठी वाचून दाखवा आणि इंग्रजी शेजारी बसून आपापलं. माझ्या मते हीच विभागणी सगळ्यात जास्त घरांना लागू पडेल. दहाच्या पुढे मूल म्हणेल तसं.

दोन मुलं असतील तर आधी धाकट्याचं वाचायचं, मग मोठीचं. मोठी धाकट्याच्या पुस्तकाकडे पाठ करून बसते आणि सगळं ऐकते. आठवड्यातून एखाद्या दिवशी धाकट्याला वाचून दाखवायचं काम तिलाच द्या. चित्रपुस्तकातलं मराठी तिच्या डोळ्यांना झेपतं, मोठ्यानं वाचल्यामुळे अडखळणंही हळूहळू कमी होतं, आणि हे बाळबोध आहे अशी तक्रार करायला जागा उरत नाही, कारण पुस्तक तिचं नसतंच, धाकट्याचं असतं.